माहिती चौकट : नव्या गिटारीचे कृत्रिम वार्धक्य
कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीच्या ‘कस्टम शॉप’ने १९९५ साली बुद्धिपुरस्सर जीर्ण केलेल्या नव्या गिटारी ‘रेलिक’ या नावाने बाजारात आणल्या आणि वाद्याच्या वार्धक्याला रीतसर किंमत आली.

नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ लेप दिलेले वाद्य अतिशीत करून उबेत आणले, की लाकूड व लेप यांच्या आकुंचन-प्रसरणातील तफावतीमुळे पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते; निकेलचा मुलामा चढविलेले भाग आम्लाच्या वाफेने निस्तेज होतात; आणि वादकाचा हात जेथे नित्य टेकतो, तेथील रंग पॉलिशपेपरने घासून लाकूड उघडे केले जाते.

पॉलिएस्टरच्या जाड, चिवट लेपावर या भेगा सहसा उमटत नाहीत. सबब हौशी कारागिराने प्रथम लेपाची जात तपासावी.