वेणी घालण्याचा परवाना

अमेरिकेत केशरचना व सौंदर्यसेवांचे परवाने केंद्र सरकार देत नाही, ते राज्यांच्या हाती असतात. त्यामुळे एका राज्यात सर्रास चालणारे काम शेजारच्या राज्यात दंडाला पात्र ठरू शकते. सर्वाधिक वाद झाला तो आफ्रिकी पद्धतीच्या बारीक वेण्यांवरून. या कामाला कात्री, रंग किंवा रसायने लागत नाहीत आणि ही कला बहुधा घरातल्या बायकांकडूनच शिकली जाते. तरीही युटा राज्यात त्यासाठी कॉस्मेटॉलॉजीचे २,००० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते, आणि त्यात या वेण्यांचा जवळपास पत्ताच नव्हता. २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली.

टेक्सासची तऱ्हा आणखी अजब. तिथे २००७ पासून वेणीकारांना ३५ तासांचे प्रशिक्षण पुरे होते. पण ते शिकवू पाहणाऱ्या डॅलसच्या आयसिस ब्रँटली यांना न्हाव्यांच्या शाळेचे नियम लावले गेले. २,००० चौरस फूट जागा, मागे कलणाऱ्या १० खुर्च्या आणि केस धुण्याची ५ बेसिने! वेणी घालायला यातले काहीच लागत नाही. २०१५ च्या जानेवारीत न्यायालयाने हे नियम रद्द केले आणि त्याच वर्षी राज्याने वेणीकारांची परवान्यातूनच सुटका केली.

ग्राहकाच्या आरोग्याचा मुद्दा खोटा नाही. कंगवे निर्जंतुक हवेत, टाळूचे संसर्ग ओळखता यायला हवेत. मात्र तेवढ्यासाठी हजारो तास लागत नाहीत. मिसिसिपीत २००५ पासून नाममात्र शुल्काची नोंदणी आणि स्वच्छतेचे नियम पाळणे एवढेच पुरते.