तेहतीस प्रश्न आणि तुमची ओळख

समजा, मोबाईलवरील एखाद्या खेळाच्या गटात तुम्ही आज प्रथमच शिरला आहात. गटात शंभरएक खेळाडू आहेत. कोणी गुवाहाटीचा, कोणी दुबईचा, तर कोणी कोठला हेही ठाऊक नाही. लगेच पडद्यावर ओळ उमटते, "ये, ये! आधी तुझ्याविषयी काही सांग." तुम्ही काय लिहाल?

बहुतेक जण शाळेत पाहुण्यांसमोर सांगतात तेच लिहितात : नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा, गाव. शाळेत हे योग्यच असते, कारण ऐकणारा माणूस आपल्याला दिसत असतो. येथे तो दिसत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी थोडे गणित करू या.

दुपटीची करामत

मनातली वस्तू ओळखण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढेच मिळते. प्रश्न चांगला असेल, तर प्रत्येक उत्तराबरोबर उरलेल्या शक्यता निम्म्या होतात. दोन प्रश्नांनी चारांतून एक, तीन प्रश्नांनी आठांतून एक आणि दहा प्रश्नांनी १,०२४ मधून एक वस्तू हुडकता येते.

मग साऱ्या जगातून एक माणूस हुडकायला किती प्रश्न लागतील? संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. आता दोनाची दुप्पट करीत चला. ३२ व्या पायरीला ४२९ कोटी होतात आणि ३३ व्या पायरीला ८५८ कोटी! म्हणजे अवघे तेहतीस प्रश्न पुरतात. अशा एका 'हो-नाही'त मावणाऱ्या माहितीला 'बिट' म्हणतात. "मी भारतात राहतो" या वाक्याने सुमारे अडीच बिट खर्ची पडतात. "आज माझा वाढदिवस!" यात मात्र तब्बल साडेआठ बिट आहेत, कारण तुम्ही ३६५ दिवसांतून एक दिवस निवडून दाखवलात.

पिनकोडचे खण

आपल्या देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पत्र नेमक्या ठिकाणी पोहोचावे, हा त्यामागचा हेतू. परंतु जे पत्राला नेमके पोहोचवते, ते शोधणाऱ्यालाही पोहोचवते!

समजा, एका पिनकोडच्या हद्दीत ५०,००० लोक राहतात. ८० वर्षांच्या जन्मतारखा घेतल्या, तर ८० × ३६५ = २९,२०० तारखा होतात. प्रत्येक तारखेला मुलगा आणि मुलगी असे दोन खण केले, की ५८,४०० खण झाले. माणसे ५०,००० आणि खण त्याहून अधिक! साहजिकच पुष्कळशा खणांत एकच माणूस सापडेल. तरुण वयाच्या खणांत कदाचित दोघे-तिघे निघतील. पण शाळेचे नाव कळले, की तेवढाही आडोसा उरत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली असा हिशेब प्रत्यक्ष मांडला. १९९० च्या जनगणनेवरून त्यांना आढळले, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पाच अंकी क्रमांक एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवरून हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा उत्तर ६३ टक्के आले. आकड्यांत फरक आहे. पण दोन्ही निम्म्याहून अधिकच आहेत, हे लक्षात घ्या.

मग गप्प बसायचे काय?

मुळीच नाही! गटाला तुमचा पत्ता नको असतो. हा गडी खेळायला कसा आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचाही अभ्यास झाला आहे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळायचा 'मड' नावाचा खेळ रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, सारे काही शब्दांत होते. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी एका लेखात खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. गुण आणि खजिना मिळवणारे ते चौकट, कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, गप्पा-मैत्रीसाठी येणारे ते बदाम आणि इतरांवर कुरघोडी करण्यात रमणारे ते किलवर.

तुमचा रंग कोणता? "दोन-तीन आहेत," असे म्हणालात तरी चूक नाही. निक यी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असेच दिसले, की एक ओढ असली म्हणून दुसरी नसते असे नाही. माणूस एका रंगाचा पत्ता नसतो.

आता ओळख अशी लिहून पाहा : "मला नकाशे धुंडाळायला आवडतात. हरलो तर चिडतो, पण लवकर विसरतो. नवख्यांना शिकवायला तयार आहे. परीक्षेच्या दिवसांत येणार नाही." यात स्वभाव पुरता उतरला आहे; पण कोणत्याही वहीत किंवा यादीत शोधता येईल अशी एकही नोंद नाही. टोपणनावही असेच घ्या. त्यात आडनाव आणि जन्मसाल गुंफू नका.

एक सावधगिरी मात्र रोजच हवी. बिट साठत जातात. आज शाळेच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट, उद्या गावच्या जत्रेची, परवा वाढदिवसाची. लिहिणारा विसरतो, पण लिहिलेले राहते. कोणी पुन्हा पुन्हा फोटो किंवा पत्ता मागू लागला, तर उत्तर न देता आई-वडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वर्गात करून पाहा

प्रत्येकाने नाव न घालता चार ओळींत आपली ओळख लिहावी. शिक्षकांनी एकेक चिठ्ठी वाचावी आणि वर्गाने 'हो-नाही' प्रश्न विचारून लिहिणारा ओळखावा. साठ मुलांच्या वर्गात चांगले सहा प्रश्न पुरायला हवेत, कारण सहा दुपटींनी ६४ होतात. कोणाची चिठ्ठी दोनच प्रश्नांत ओळखली गेली? तिच्यातील कोणत्या शब्दाने घात केला, तो शोधा. आणि जी चिठ्ठी ओळखता आली नाही, पण जिच्या लेखकाबरोबर खेळावेसे सर्वांना वाटले, ती फळ्यावर लिहून ठेवा.