तटाच्या आत आणि तटाबाहेर: वसईची चर्चेस

वऱ्हाडातून नाशिकला गेलेला माणूस रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचं दर्शन घेतो आणि गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाशीही जातोच. हे देऊळ 1747 चं. त्याच्या दर्शनी भिंतीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. घरात कुणी चढ्या आवाजात बोलू लागलं की ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती हीच. घंटेवर साल आहे 1721, म्हणजे देवळाहून जुनं. मराठ्यांच्या वसईवरच्या विजयाची ही खूण मानली जाते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अशीच एक घंटा आहे, आणि तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया उठावात दिसते. भीमाशंकरालाही अशी घंटा आहे. वसईच्या घंटा शोधायच्या तर महाराष्ट्रभर देवळं पालथी घालावी लागतात. ज्या मनोऱ्यांतून त्या उतरवल्या, ते मात्र वसईच्या किल्ल्यात अजून उभे आहेत.

1534 च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतला गड येतो, पण वसईचा किल्ला म्हणजे तटबंदी घातलेलं आख्खं शहर. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांनी आत आपापली चर्चेस आणि मठ बांधले. इथला दगडही नावाजलेला होता. गोव्याच्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी बाजूच्या कोरीव कामाला वसईकडचा काळा दगड वापरला आहे. गोव्याला जाऊन त्या कामाची तारीफ करणाऱ्या मराठी पर्यटकाला आपण घरचाच दगड पाहतोय याची कल्पना नसते.

आतली तीन चर्चेस सावकाश पाहण्यासारखी आहेत. पहिलं सेंट जोसेफचं, शहराचं मुख्य चर्च. दारावरच्या शिलालेखात 1601 हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांचं नाव आहे. मनोऱ्याचा गोल जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबलेलं बरं. वर पोचलात की एका बाजूला वसईची खाडी, खाली झाडांत बुडालेल्या भिंती आणि पायाखाली घंटेविना रिकामी कमान.

दुसरं फ्रान्सिस्कनांचं, संत अंतोनीचं. छप्पर कधीच गेलंय. खालची फरशी म्हणजे थडग्यांचे दगड. त्यांवर पोर्तुगीज मजकूर आणि घराण्यांची मानचिन्हं कोरलेली आहेत. उन्हं कलल्यावर गेलात तर तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी नुसता सपाट दगड वाटतो. या दगडांवरून लोक सर्रास चालतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी त्यांच्यावरच उभी राहतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण पायाखाली कुणाची कबर आहे हे मराठीत सांगणारी एक ओळ तिथे असायला हवी होती.

तिसरं चर्च जेझुइटांचं, आणि त्याची गोष्ट एका वसईकराशी जोडलेली आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, त्याचा बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच. जेझुइटांच्याच शाळेत तो शिकला. पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. पुन्हा जपानला गेला तो दुभाषा म्हणून. थेट जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे उभं राहून बोलण्याची वेळ त्याच्यावर आली. पुढे हिदेयोशीचं मन फिरलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत गोन्सालोही होता. 1862 मध्ये पोपनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च आता दुरुस्त होऊन त्याच्याच नावाने ओळखलं जातं आणि फेब्रुवारीत त्याच्या सणाला तिथे मिस्सा होते.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. फार मोठी किंमत मोजून मिळालेला हा विजय होता. सुरुंगांनी तट फोडताना हजारो मराठे पडले. पोर्तुगीज गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल, असं तहात ठरलं होतं. माझ्या दृष्टीने वसईच्या इतिहासातलं सगळ्यांत मोलाचं कलम हेच. राज्यकर्ता गेला, सरदार गेले, आतली चर्चेस ओसाड पडली, आणि तरी वाडीतला शेतकरी क्रुसापुढे गुडघे टेकतच राहिला. हा धर्म परक्या सत्तेच्या आधारावर उभा असता, तर त्याच वर्षी विरून गेला असता.

म्हणूनच वसईचा ख्रिस्ती वारसा पाहायला आलेल्याने किल्ल्यातून बाहेर पडून निर्मळ, नंदाखाल, आगाशी, सांडोर, पापडी, पाली या गावांकडे जावं. वाटेत केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि वळणावळणावर पांढरे क्रूस. सणाच्या दिवशी त्या क्रुसाला झेंडूचे हार चढतात, संध्याकाळी आळीतले लोक जमून रोझरी म्हणतात, मग उकडलेले चणे वाटले जातात. ऑक्टोबरात उत्तर कोकणातले ख्रिस्ती शेतकरी ‘आगेरा’ करतात, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद घेतात. पालीच्या रमेदी मातेला नवस बोलायला हिंदूही येतात. निर्मळला होली क्रॉस चर्च आहे आणि शंकराचार्यांचं समाधिमंदिरही. कार्तिकातल्या तिथल्या जत्रेत ख्रिस्ती कुटुंबं सुकेळी (वाळवलेली केळी) आणि सुकी मासळी घ्यायला हमखास असतात.

इथले कुपारी ख्रिस्ती आपलं मूळ सामवेदी ब्राह्मणांशी जोडतात. म्हाताऱ्या बायकांचं लाल लुगडं आणि घरात बोलली जाणारी कादोडी बोली अजून दिसते-ऐकू येते, पण दरवर्षी थोडी कमी. आडनावं पोर्तुगीज, बोली मात्र इथली. ख्रिस्ती लोकांच्या मराठीला मोठी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 मध्ये छापलं गेलं, हे पुष्कळांना माहीत असतं. उत्तर कोकणाच्या बोलीत फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइंश यांनी येशूच्या दुःखसहनाचं पुराण रचलं आणि ते 1659 मध्ये प्रसिद्ध झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. इथले ख्रिस्ती लोक उपवासकाळात ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चाले. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली आणि वसईत वेदीवर मराठी आली. घरात आणि क्रुसापुढे ती आधीपासून होतीच.

त्या मराठीने पुढे काय काय केलं! ‘सुवार्ता’ मासिक 1955 पासून वसईतून निघतं. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईचा हिरवा पट्टा वाचावा म्हणून हाच माणूस हरित वसईच्या आंदोलनात उतरला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. 2024 मध्ये ते गेले. एक धर्मगुरू मराठी साहित्याच्या त्या व्यासपीठावर बसला, त्यामागे क्रुसापुढे मराठीत प्रार्थना म्हणणाऱ्या कितीतरी पिढ्या होत्या.

  

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वड-पिंपळाच्या मुळ्या भिंती फोडतायत आणि स्थानिक तरुण सुट्टीच्या दिवशी येऊन झाडोरा काढतात. माझं मागणं दोन कामांचं आहे. संत अंतोनीच्या फरशीवरचे लेख झिजून जाण्याआधी ते पूर्ण वाचून त्यांचा मराठी तर्जुमा तिथेच लावावा आणि त्या भागाभोवती दोर बांधावा. त्याहून निकडीचं काम तटाबाहेर आहे. नंदाखाल-निर्मळच्या आज्यांच्या तोंडी कादोडीतल्या प्रार्थना आणि लग्नातली गाणी आहेत, ती ध्वनिमुद्रित व्हायला हवीत, आणि ते काम याच वर्षी सुरू व्हावं.