शर्यतीचे भाकीत आणि भविष्यकाळाचे व्याकरण

मोटारींच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी जाणकारांना दोन प्रश्न विचारले जातात : उद्या कोण जिंकेल, आणि कोणता संघ काय डाव टाकणार? ह्या दोन प्रश्नांत क्रियापदाची रूपे भिन्न आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. ती मी हेतुपुरस्सर भिन्न केलेली नाहीत. मराठी माणूस सहज बोलू लागला की बहुधा ती अशीच येतात. विजयाविषयी 'जिंकेल', डावाविषयी 'टाकणार'. हा भेद का होतो, तो कोठे टिकतो आणि कोठे नाहीसा होतो, ह्याचा विचार केल्यास भाकिते कशी चुकतात ह्यावर थोडा प्रकाश पडतो असे मला वाटते.

हा विषय मला सुचला तो दापोली तालुक्यातील बुरोंडी येथे. दिवस २७ ऑक्टोबर २०१३, रविवार. सकाळी किनाऱ्यावर ओळखीच्या एका वृद्ध मच्छीमाराला मी हवेविषयी सहज विचारले. त्यांनी आभाळाच्या एका कडेकडे हात केला आणि 'वारा वाढणार' एवढेच सांगितले. शेजारी जाळे उलगडीत बसलेला त्यांचा नातू म्हणाला, 'वाढेल की, आजोबा, पण आज नाही.' आजोबांना काहीतरी दिसत होते. नातू नुसता अंदाज बांधीत होता. दुपारी घरी दूरचित्रवाणीसमोर पुतणे मंडळी जमली होती. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतीय ग्रां प्री सुरू व्हावयाची होती. २०११ पासून २०१३ पर्यंत ओळीने तीन वर्षे भरलेल्या शर्यतींपैकी ती तिसरी. तेथेही तीच दोन रूपे ऐकू येत होती, आणि तिसरेही एक, ज्याकडे पुढे वळावयाचे आहे.

प्रथम व्याकरण. 'जिंकेल' हे मो. के. दामले ह्यांच्या परिभाषेतील ईलाख्यात. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. आख्यातांना अर्थावरून नव्हे तर प्रत्ययावरून नावे द्यावी ही त्यांची दृष्टी येथे विशेष उपयोगी पडते, कारण 'भविष्यकाळ' हे एकच नाव दिले की आपल्याला हवा तो भेद पुसून जातो. 'जिंकणार' हे मुळात कर्तृवाचक कृदन्त आहे. 'जिंकणारा' ह्याचे ते सख्खे भावंड. म्हणजे 'तो जिंकणार' ह्या वाक्यात भविष्यातील घटना सांगण्यापूर्वी आजच्या कर्त्याचे वर्णन होते : आज तो अशा स्थितीत आहे की त्याच्या ठिकाणी पुढचे जिंकणे वसलेले आहे. म्हणूनच 'मी जाणार' ह्यात निश्चय असतो, 'मी जाईन' ह्यात तो असेलच असे नाही. म्हणूनच ढग दाटून आले असता आपण 'पाऊस पडणार' म्हणतो आणि ढग नसताना 'संध्याकाळी पडेल' म्हणतो. निश्चय काय आणि चिन्ह काय, दोन्ही आज हजर असणाऱ्या गोष्टी आहेत. 'णार'चा आधार वर्तमानात असतो. 'ईल'चा आधार बोलणाऱ्याच्या तर्कात.

आता शर्यतीकडे पाहू. कोण जिंकेल, हा त्या दिवशी मुळीच अवघड प्रश्न नव्हता. रेड बुल संघाच्या सेबॅस्टियन व्हेटेलने आदल्या पाच शर्यती लागोपाठ जिंकल्या होत्या. भारतातील २०११ व २०१२ च्या दोन्ही शर्यती त्याच्याच होत्या. आणि शनिवारच्या पात्रता फेरीत तोच पहिला आला होता. अशा वेळी 'व्हेटेल जिंकणार' असे म्हणणाऱ्या पुतण्याला दोष देता येत नाही. चिन्हे सर्वांना दिसत होती. तरीही काटेकोर बोलावयाचे तर येथे 'जिंकेल' हेच रूप योग्य. यंत्र कोणत्याही फेरीत बंद पडू शकते. ते त्या दिवशी पडलेही. मात्र व्हेटेलचे नव्हे, त्याचा सहकारी मार्क वेबर ह्याचे.

डावाचा प्रश्न निराळा, कारण तेथे कर्त्याची इच्छा आली. मोटारशर्यतीतील डाव हा मुख्यतः टायरांचा असतो. त्या काळच्या नियमांप्रमाणे कोरड्या हवेतील शर्यतीत प्रत्येकाने दोन्ही प्रकारचे टायर, एक मऊ व एक त्याहून कठीण, निदान एकेकदा वापरलेच पाहिजेत असे बंधन होते; आणि पात्रता फेरीच्या अखेरच्या टप्प्यात पोचलेल्या पहिल्या दहांनी तेथे जे टायर वापरले त्यांवरच शर्यतीला सुरुवात करावयाची होती. मऊ टायर वेगवान पण अल्पायुषी, कठीण टायर संथ पण चिवट. म्हणजे शनिवारी वेग मिळविण्यासाठी जो मऊ टायर घेईल त्याला रविवारी त्याचे प्रायश्चित्त लवकर घ्यावे लागणार. एकाच संघाच्या दोन चालकांनी येथे उलट वाटा धरल्या. व्हेटेलने मऊ टायर घेऊन पहिला क्रमांक मिळविला. वेबरने मुद्दाम मध्यम टायर घेऊन चौथा पत्करला. रविवारी व्हेटेल दुसरी फेरी संपताच टायर बदलण्यास आत आला आणि पहिल्या स्थानावरून थेट सतराव्यावर गेला. ज्यांनी शनिवारचे टायर पाहिले होते त्यांना 'व्हेटेल लवकर थांबणार' असे बेलाशक म्हणता येत होते. कारण त्या डावाचे चिन्ह आदल्या दिवशीच प्रकट झाले होते. बुरोंडीच्या आजोबांच्या वाऱ्यासारखेच हे होते. घरातील लहानथोर मात्र तो सतरावा झालेला पाहून हळहळले.

येथवर मराठी क्रियापदाने भाकीत करणाऱ्यास उत्तम साथ दिली असे म्हणता येईल. ती साथ सुटते ती अकरणरूपात.

'तो जिंकेल' ह्याचे अकरणरूप काय? 'तो जिंकेल नाही' असे मराठीत होत नाही. 'तो जिंकणार नाही' असेच म्हणावे लागते. 'तो जिंकणार' ह्याचे अकरणरूपही तेच. म्हणजे होकारात जे दोन रस्ते होते ते नकारात एकाच रस्त्याला येऊन मिळतात. हिंदीत 'जीतेगा' ह्याचा नकार 'नहीं जीतेगा' असा त्याच रूपाने सरळ होतो. कोकणी ह्या बाबतीत मराठीच्या जवळची आहे. 'वतलो' ह्याचा निषेध 'वचचो ना' असा निराळ्याच कृदन्ताने होतो. जुन्या मराठीत क्रियापदाआधी 'न' लावण्याची सोय होती. आजच्या बोलण्यात ती भविष्याच्या बाबतीत उरलेली नाही. परिणाम असा की, मला केवळ अंदाजाने एखादी गोष्ट नाकारावयाची असली तरी मराठी क्रियापद मला निश्चयाचे, चिन्हे पाहिल्याचे रूप हाती देते. 'जिंकेल असे वाटत नाही', 'जिंकेलच असे नाही' ह्या पळवाटा आहेत खऱ्या. पण त्या लांब आहेत, आणि घाईच्या बोलण्यात लांब वाक्य प्रथम गळते.

ह्याचे प्रात्यक्षिक त्याच दुपारी घडले. टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीने मऊ टायर १५ फेऱ्यांहून व मध्यम टायर ३५ फेऱ्यांहून अधिक वापरू नयेत अशी शिफारस केली होती. शर्यत ६० फेऱ्यांची, एका फेरीचे अंतर ५.१२५ किलोमीटर. पंधरा आणि पस्तीस मिळून पन्नास. उरलेल्या दहा फेऱ्यांसाठी पुन्हा थांबणे प्राप्त. तेव्हा 'एका थांब्यात कोणी शर्यत पुरी करणार नाही' हे विधान गणिताने सिद्ध झाल्यासारखे दिसत होते. लोटस संघाचा रोमेन ग्रोझाँ पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाद होऊन सतराव्या स्थानावर उभा होता. 'तो काही पहिल्या तिघांत येणार नाही' असे थोरल्या पुतण्याने जाहीर केले, आणि मीही मान डोलावली. ग्रोझाँ एकदाच थांबला आणि तिसरा आला.

आता ह्या दोन नकारांची जात तपासून पाहावी. शिफारस ही मर्यादा नव्हे. ती सल्ला देणाऱ्याची सावधगिरी होय. '३५ फेऱ्यांनंतर टायर झिजेल' हे ईलाख्याताचे, तर्काचे विधान. त्यातून काढलेला निष्कर्षही तर्काच्याच मोलाचा हवा होता. पण तो नकारात मांडताच 'णार' आले, आणि जणू काही ग्रोझाँच्या टायरात आजच काही दिसत आहे असा भास निर्माण झाला. भाषेने आम्हांस फसविले असे मी म्हणणार नाही. आम्ही आळसाने जवळचे रूप उचलले. पण जवळ तेच एक रूप होते, हेही विसरता येत नाही.

ह्या उदाहरणाचा दुसरा अर्ध अधिक बोधप्रद आहे, कारण त्याने उलट दिशेच्या घाईलाही लगाम बसतो. त्याच लोटस संघाच्या किमी रायकोनेनने तोच बेत केला. एकदा लवकर थांबून मध्यम टायरांवर अखेरपर्यंत जावयाचे. त्याचे टायर मात्र शेवटच्या फेऱ्यांत टिकले नाहीत. तो मागे पडत गेला, अगदी अखेरीस त्याला पुन्हा थांबावे लागले, आणि नव्या टायरांवर शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी मारूनही तो सातवा राहिला. एकच संघ, एकच यंत्र, एकच डाव. एक तिसरा, दुसरा सातवा. तेव्हा 'एका थांब्यात शर्यत होईल' हेही विधान खरे आणि 'होईलच असे नाही' हेही खरे. फक्त 'होणार नाही' हे खोटे ठरले.

व्हेटेल सतराव्यावरून वर येत जिंकला. मर्सिडीजच्या निको रोझबर्गला त्याने सुमारे अर्ध्या मिनिटाने मागे टाकले आणि त्याबरोबर सलग चौथे विश्वविजेतेपद निश्चित केले. वेबर चाळिसाव्या फेरीच्या सुमारास विद्युत्-यंत्रणेतील बिघाडामुळे बाहेर पडला, त्यामुळे रेड बुलच्या दोन डावांपैकी कोणता श्रेष्ठ ह्याचा निवाडा व्हावयाचा राहूनच गेला.

आणखी दोन रूपांचा ओझरता उल्लेख करणे जरूर आहे. पहिले, 'असावेत'. प्रतिस्पर्ध्याचे टायर किती झिजले आहेत हे कोणालाच दिसत नाही. त्याच्या फेरीची वेळ वाढलेली दिसते. 'टायर झिजले असावेत' म्हणताना बोलणारा त्या वेळेकडे बोट दाखवितो. 'झिजले असतील' म्हणताना तो काहीच दाखवीत नाही. नियंत्रण-कक्षात बसून आधी थांबून पुढच्याला गाठण्याचा डाव ठरविणारा माणूस पहिल्याच वाक्यावर पैज लावील. दुसरे रूप भूतकाळाचे. 'पाऊस आला तर सगळेच थांबतील' ह्या वाक्यातील 'आला' अजून घडलेला नाही, आणि शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असता पुतण्यांनी केलेल्या 'जिंकला, जिंकला!' ह्या घोषातील 'जिंकला' हेही नाही. हाक ऐकून 'आलो!' म्हणणारा माणूस अद्याप उठलेलाही नसतो. लाख्यात भूतकाळच दाखविते असे शिकविणाऱ्यांनी एकदा शर्यत पाहावयास बसावे.

विभागातील विद्यार्थ्यांनी हे निरीक्षण मोजून पाहावे अशी माझी सूचना आहे. कोणत्याही येत्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मराठीत छापलेली किंवा बोललेली भाकिते जमवावी. होकारी व नकारी निरनिराळी करावी. होकारीत 'ईल' व 'णार' वेगळे काढावे, आणि नकारीत 'णार नाही' एका बाजूस व 'वाटत नाही', 'असे नाही' ही मंडळी दुसऱ्या बाजूस ठेवावी. विजेत्याविषयीची विधाने आणि डावाविषयीची विधाने एकत्र करू नयेत. मग शर्यत झाल्यावर प्रत्येक गटातील किती भाकिते खरी ठरली ते पाहावे. 'णार नाही' ह्या गटात चुकांचे प्रमाण 'णार' ह्या गटाहून बरेच अधिक आढळावे असा माझा अंदाज आहे. ते तसे न आढळल्यास वरील विवेचनातील अकरणरूपाविषयीचा भाग मागे घ्यावा लागेल. होकारी रूपांविषयीचा भाग त्यामुळे बाधित होत नाही.