सोन्याला काय चिकटते?

चांदीची भांडी काळवंडतात, तांब्यावर कळंक चढतो, लोखंड गंजते. सोने मात्र पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहूनही झळाळत असते. हवेतील ऑक्सिजनशी सोन्याचा सहजासहजी संयोग होत नाही. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ त्याची गणना अभिजात धातूंत करतात. तथापि, सोन्याला काहीच चिकटत नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. त्याचे आप्त थोडे आहेत इतकेच. आणि जे आहेत, त्यांच्याशी त्याचे नाते घट्ट आहे.

यांपैकी पहिला आप्त म्हणजे पारा. फुटलेल्या तापमापीतील पारा अंगठीला लागताच ती पांढरी पडते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. पाऱ्याचे अणू सोन्यात शिरतात व पारदमेल तयार होतो. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या कोलार सुवर्णक्षेत्रात १८८० नंतर जॉन टेलर कंपनीने आधुनिक खाणकाम आरंभले, तेव्हा याच गुणाचा उपयोग करण्यात आला. खनिज कुटून त्याचा पाण्यातील चुरा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडीत. दगडाची पूड वाहून जाई आणि सोन्याचे कण पाऱ्याला धरून राहत. पुढे पारदमेल तापवून पारा उडवून लावीत. पाऱ्याची ही वाफ विषारी असते.

अतिसूक्ष्म कण मात्र पाऱ्याच्या हाती लागत नसत. त्यांच्यासाठी सायनाइड उपयोगी पडले. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये या पद्धतीचे एकस्व घेण्यात आले. सायनाइडमधील कार्बनचा अणू सोन्याच्या अणूला पकडतो आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याला पृष्ठभागावरून सोडवून द्रावणात नेतो.

तिसरा आप्त गंधक. त्याचे वागणे विलक्षण आहे. ज्या गंधकामुळे चांदी काळी पडते, त्याचा सोन्यावर डागही दिसत नाही. परंतु थायोल नावाच्या लांबट रेणूंच्या टोकाशी असलेला गंधकाचा अणू सोन्याला पक्का धरून बसतो. १९८३ साली अमेरिकेतील नुझो व अलारा या संशोधकांनी अशाच गंधकयुक्त रेणूंचा सुव्यवस्थित थर सोन्यावर बसविला. शेतातील कणसांप्रमाणे हे रेणू शेजारी शेजारी, सुमारे ३० अंशांनी कललेले उभे राहतात. जागा भरली की थर आपोआप थांबतो; त्याची जाडी एका रेणूएवढीच असते. रेणूचे मोकळे टोक कसे आहे यावर तो पृष्ठभाग पाणी झिडकारतो की धरून ठेवतो, हे ठरते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत तसेच १९८९ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अशा थरांवर व थायोलने वेढलेल्या सुवर्णकणांवर संशोधन झाले आहे.

यासाठी सोने स्वच्छ असावे लागते. अगदी निर्मळ सोन्यावर पाणी पसरते. थोडा वेळ हवेत राहिल्यास तेलकट द्रव्यांचा अदृश्य थर बसतो आणि पाण्याचे थेंब होतात. काचेशी तर सोन्याचे मुळीच जमत नाही. काचेवरील सोन्याचा पातळ थर चिकटपट्टीनेही निघून येतो. म्हणून आधी क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा थर द्यावा लागतो. हे धातू काचेतील ऑक्सिजनलाही धरतात आणि सोन्यालाही.

हे ज्ञान केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. गर्भधारणेच्या अनेक चाचणीपट्ट्यांवर उमटणारी तांबडी रेघ म्हणजे प्रथिने चिकटलेले सूक्ष्म सुवर्णकणच असतात. उलट, कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, तरी सायनाइडने धुतलेल्या पुडीचे डोंगर तेथे उरले आणि वाऱ्याबरोबर त्यांची धूळ वस्तीवर येत राहिली. त्या सुमारे ३ कोटी ३० लाख टन पुडीत अजून थोडे सोने आहे. ते काढण्याच्या प्रस्तावास २०२४ साली कर्नाटक सरकारने संमती दिली. सोन्याला काय चिकटते, या प्रश्नाबरोबरच सोने काढून घेतल्यावर मागे काय उरते, हाही प्रश्न तेथील रहिवाशांच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.