गुलमंडीतलं आमचं विटांचं घर: जुन्या गल्लीत नवं डिझाइन बसवताना मोबाईल कसा कामाला आला?

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या जुन्या भागात, गुलमंडीत आमचं घर आहे. लाकडी खांब, चुन्यात बांधलेल्या चपट्या विटा. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि नवं घर बांधायचं ठरलं. काकांना भाड्याने द्यायला दुकान हवं होतं, म्हणून पहिल्या थ्रीडी चित्रात खाली शटर आलं. आजीने एवढंच विचारलं, "माझा ओटा कुठे गेला रे?" मग मी फोन हातात घेतला.

१. आधी स्कॅन, मग पाडापाडी

फोटोवरून थ्रीडी मॉडेल बनवणारी अ‍ॅप्स असतात, उदा. पॉलीकॅम. तोच बिंदू दोन फोटोंत किती सरकला, यावरून अ‍ॅप अंतर काढतं. म्हणून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. गल्ली अरुंद असली तरी ०.५ एक्स लेन्स टाळा, रेषा वाकतात. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, खरं माप नाही. म्हणून मी भिंतीला एक मीटरची पट्टी टेकवून ठेवली.

२. गल्लीच्या रेषा जुळवा

शेजारच्या घरांचे ओटे, खिडक्या, मजले यांच्या रेषा मी मॉडेलवर ओढल्या. ओट्याची रेषा सगळीकडे सलग होती, फक्त आमच्या नव्या चित्रात तुटत होती! जुन्याची नक्कल करणारं नक्षीकाम लागतच नाही. या रेषा आणि उभट खिडक्या जुळल्या की साधं विटांचं घरही गल्लीत शोभतं.

३. विटेचा हिशोब

नऊ इंची वीट साधारण २३० मिमी, सांधा १० मिमी, म्हणजे २४० मिमी. १२ विटांची भिंत साधारण २.८८ मीटर होते. तीच २.९५ काढली तर थराथरात विटा तोडत बसा! भट्टीवरच्या दहा विटा मोजून मगच आकडा धरा.

लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँडही बघा. यात विटा कडेवर उभ्या लावतात, आत पोकळी राहते. सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि उष्णता आत हळू शिरते.

४. ऊन कुठून येतं?

आपल्याकडे २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अरुंद गल्लीत भिंतींना सावली मिळते, तापतं ते छत. म्हणून आधी खर्च छतावर करा.

एक लक्षात ठेवा: आमच्या ११ फुटी खोलीत फोनचं माप २ इंच चुकलं. अंतिम माप टेपनेच घ्या. पाया आणि शेजाऱ्यांसोबतची सामाईक भिंत इंजिनिअरलाच दाखवा.

शेवटी शटर अर्धं झालं, ओटा अर्धा राहिला. काका अजून कुरकुरतात. आजीने मात्र नव्या नकाशात बोट ठेवून बसायची जागा धरून ठेवली आहे.