विश्लेषण : मँडोलिन प्रवासाला न्यायचे आहे? केसचे कवच नव्हे, आतला आधार आधी पाहा

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये (1995) मोहरीच्या शेतात राजच्या हातात मँडोलिन दिसते. ते लंडनहून पंजाबात कशातून आले, हे चित्रपट सांगत नाही. आज पुणे-नागपूर-दिल्ली अशा कार्यक्रमांना फिरणाऱ्या वादकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. वाद्य जेमतेम किलोभराचे. पण चेक-इन काउंटरवर ते हातातून गेले, की पुढे सरकता पट्टा, ट्रॉली आणि वर रचल्या जाणाऱ्या पंचवीस-पंचवीस किलोंच्या सुटकेसेस. अशा वेळी बहुतेक जण ‘जास्तीत जास्त कडक’ केस शोधतात. चूक तिथेच होते.

मँडोलिन नेमके कुठे तुटते?

मान संपून खुंट्यांचा भाग सुरू होतो, तिथे. हा भाग किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळे लाकडाचे धागे तिथे सलग राहत नाहीत, आखूड होतात. अनेक वाद्यांमध्ये मानेतली लोखंडी सळई बसवण्यासाठी नेमके तिथेच लाकूड कोरलेले असते. शिवाय चार जोड्यांतल्या आठ तारा मिळून साधारण 70 ते 80 किलोंचा ताण देत असतात.

आता केस पाठीवर पडली असे समजा. वाद्याचे पोट फोमवर टेकून थांबते. पण आठ धातूच्या खुंट्यांचे वजन घेतलेले टोक त्याच वेगाने खाली जाऊ पाहते आणि सगळा झटका त्या अरुंद जागेवर येतो. बस अचानक थांबल्यावर उभ्या प्रवाशाचे डोके पुढे जाते, तसेच. इथे वाद्याला बाहेरून काहीही लागण्याची गरज नसते. म्हणूनच ओरखडाही न उमटलेल्या केसमधून तुटलेले मँडोलिन बाहेर निघते.

मग केसमध्ये काय पाहायचे?

मानेखाली घट्ट आधार हवा आणि खुंट्यांचा भाग चारही बाजूंनी मोकळा हवा. तो तळाला, झाकणाला किंवा टोकाच्या भिंतीला टेकत असेल, तर ती केस कितीही महाग असली तरी घेऊ नये. मानेखालचा आधार कमी पडत असेल, तर कडक फोमचा तुकडा कापून तो वाढवता येतो. हे काम घरीही जमते.

पोट बाजूंनी घट्ट बसले पाहिजे. वाद्य ठेवून, झाकण लावून केस उभी धरा आणि हलकेच हलवा. आतून ‘धप’ असा आवाज आला, तर जागा जास्त आहे. दुसरी तपासणी घोडीची. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कणकेचा छोटा गोळा घोडीवर ठेवा, झाकण अलगद टेकवा आणि उघडा. गोळा किती चपटा झाला, यावरून झाकण आणि घोडी यांच्यातले अंतर कळते. झाकणाचा दाब घोडीवर येत असेल, तर तो थेट वाद्याच्या पातळ दर्शनी फळीवर जातो.

ऑनलाइन मागवताना ‘मँडोलिन केस’ एवढ्या नावावर जाऊ नका. पेरूच्या आकाराचे ‘ए’, वळणदार शिंग असलेले ‘एफ’ आणि गोल पाठीचे जुने इटालियन धाटणीचे, हे तीन वेगळे आकार आहेत. ‘एफ’ वाद्य ‘ए’च्या केसमध्ये बसतच नाही. ‘ए’ वाद्य ‘एफ’च्या केसमध्ये बसते, पण खुळखुळते. गोल पाठीच्या वाद्यावर सपाट केसचे झाकण लागत नाही. एकूण लांबी, पोटाची रुंदी आणि घोडीसह जाडी मोजूनच मागवा. यू. श्रीनिवास वाजवत तशा भरीव इलेक्ट्रिक मँडोलिनला पोकळ पोटाची चिंता नसते, मानेची असतेच.

गिग बॅग की हार्ड केस?

लोकल, एसटी, रिक्षा एवढाच प्रवास असेल, तर पाठीवर लावायची जाड अस्तराची गिग बॅग पुरते. ती अंगापासून दूर जात नाही, हेच तिचे मोठे संरक्षण. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये हातात हार्ड केस घेऊन चढून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. रेल्वेचा लांबचा प्रवास किंवा टेम्पोतून जाणारे ऑर्केस्ट्राचे सामान असेल, तर आकाराला घडवलेली हलकी हार्ड केस घ्यावी. विमानाच्या पोटात वाद्य टाकावेच लागत असेल, तर कॅल्टनसारख्या फायबरग्लासच्या केस वादक वापरतात. मात्र साध्या मँडोलिनपेक्षा ही केस कितीतरी महाग पडते. अशा वेळी वाद्य सोबत नेण्याची धडपड करणेच परवडते.

विमानात हातात नेता येते का?

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे 7 किलोंची एक हँडबॅग चालते; माप 55 × 35 × 25 सेंटीमीटर. केससह मँडोलिन वजनात सहज बसते, लांबीत नाही. केस 70 सेंटीमीटरच्या पुढेच जाते. जेट विमानांच्या वरच्या कप्प्यात ती मावते, पण निर्णय शेवटी काउंटरवर होतो. त्यामुळे कंपनीकडून आधी लेखी उत्तर घेऊन ते फोनमध्ये ठेवावे. एटीआरसारख्या छोट्या विमानांचे कप्पे मुळातच लहान असतात. अमेरिकेत कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी स्थिती बरी आहे. तिथल्या 2012 च्या कायद्यानुसार, विमानात चढताना जागा असेल तर छोटे वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावे लागते.

तुटले तर भरपाई मिळते?

कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार 2008 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात तुटली. भरपाई नाकारल्यावर त्यांनी 2009 मध्ये त्यावर गाणेच काढले आणि ते जगभर गाजले. सगळ्यांना ते जमत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार तपासलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. भरपाईलाही कमाल मर्यादा असते. भारताच्या 2019 च्या प्रवासी सनदेत देशांतर्गत प्रवासासाठी ती 20,000 रुपये आहे. केस पट्ट्यावरून उचलली की तिथेच उघडा, फोटो काढा आणि विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवा.

निघण्यापूर्वी तारा सोडायच्या का?

एखाद-दोन स्वर उतरवाव्यात, पूर्ण काढू नयेत. मँडोलिनची घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. सगळ्या तारा काढल्या तर ती सरकते आणि मुक्कामी पोहोचल्यावर सूर जुळवताना अर्धा तास जातो. मे महिन्यात नागपूरला कार्यक्रम असेल आणि वाद्य मोटारीत ठेवून जेवायला जायचा बेत असेल, तर केससकट हॉटेलात आत न्या. बंद मोटारीत काही ठिकाणी तापमान 60 अंशांच्या पुढे जाते, आणि तिथवर वाद्याचे सांधे धरणारे गोंद मऊ पडू लागतात.